सासूबाईंसाठी आणलेला पाटा

मी आयुष्यात एकदाच दगड विकत घेतला, आणि तोही चुकीचा घेतला.

हे सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. गेली एकोणीस वर्षं लोक मला पत्रे, नटबोल्ट, बेअरिंगं दाखवायला आणतात. मी ती उलटसुलट करतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "यात दम नाही." (दम म्हणजे नक्की काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण समोरचा माणूस घाबरतो.) घरात मात्र माझ्या खरेदीला एवढा मान नाही. मी भाजी आणली की संगीता, म्हणजे माझी बायको, पिशवी घेऊन थेट खिडकीपाशी जाते आणि एकेक वांगं उजेडात धरून बघते. मग माझ्याकडे बघते. मग परत वांग्याकडे.

यंदा थंडी संपता संपता माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. नाशकात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चांदवडजवळच्या खेड्यात सगळा जन्म कांद्याच्या शेतात काढलेली बाई. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. म्हणजे सासूबाई आजवर जे जे करत आल्या होत्या, ते सगळं बंद. काळा चष्मा लावून त्या दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसायच्या. खालून भाजीची गाडी गेली की आवाजावरूनच म्हणायच्या, "मेथी शिळी हाय त्याची. ओरडण्यातच जीव नाय."

ऑपरेशन चांगलं झालं होतं. पंचाईत वेगळीच झाली. सासूबाई जेवेनात.

तक्रार काही नव्हती. पुढ्यात ताट आलं की त्या अर्धी भाकरी मोडायच्या, चटणीला बोट लावायच्या आणि ताट सरकवायच्या.

"आई, अजून थोडं घ्या ना," मी म्हणायचो.

"भूकच नाय, जावईबापू. बसून बसून कुठली भूक?"

चौथ्या दिवशी माझ्या लेकीनं, ऋचानं, आजीला सरळ विचारलं. ऋचा नववीत आहे आणि तिला सरळच विचारता येतं.

"आजी, खरं सांग. आईचा स्वयंपाक आवडत नाही का?"

"तुझी आई चांगलं करती गं. पण ती चटणी मिक्सरमधली. ती चटणी नाय, ते गंध हाय. कपाळाला लावावं असं."

स्वयंपाकघरात संगीतानं ते ऐकलं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी चांदवडच्या एसटीची वेळ विचारली. डोळ्याची पुढची तपासणी अजून व्हायची होती. गावी गेल्या की त्या तासाभरात विळा घेऊन शेतात वाकलेल्या असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. संगीता ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. कांदा चिरत होती, पण तिच्यासमोर कांदा नव्हता.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी पाटा-वरवंटा आणतो. ताजी वाटलेली चटणी खाल्ली की आई जेवतील."

"तुम्ही?" संगीता म्हणाली.

"खरेदी हेच माझं काम आहे."

ती काही बोलली नाही. मी तो होकार समजलो.

आमच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी असते. त्या शनिवारी संगीता आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली आणि मी स्कूटर काढून पेठ रोडला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला एक बाई पाटे, वरवंटे, खलबत्ते मांडून बसते. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहणी सुरू केली. बघतो तर एकजात सगळ्या पाट्यांवर टोचे मारल्यासारखे खड्डे. एकही धड नाही. माझ्यासारख्या माणसाच्या हे लगेच लक्षात येतं.

"बाई, हा सगळा माल डागी आहे," मी म्हणालो. "एखादा बिनडागाचा नाही का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे बोट दाखवलं. तिथे एक काळाभोर दगड एकटाच पडला होता. चौकोनी, तुकतुकीत, हात फिरवला तर आरशावरून फिरवल्यासारखा.

"हा द्या."

ती काहीतरी म्हणाली. तेवढ्यात शेजारून कांद्याचा ट्रक गेला, त्यामुळे मला फक्त "साहेब, तो..." एवढंच ऐकू आलं. ट्रक गेल्यावर तिला पुन्हा विचारायला हवं होतं. पण खरेदीत आपण प्रश्न विचारले की समोरच्याला वाटतं आपल्याला माहिती नाही.

"त्याच्याबरोबर वाटायचा लांबट दगडपण द्या," मी म्हणालो.

"ह्याच्यावर वाटणार?"

"मग काय, झोपणार?"

तिनं मुकाट्यानं वरवंटा दिला.

दगड स्कूटरच्या पायाशी ठेवला. त्याच्यामुळे माझे दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि मी बैलगाडीच्या जुवासारखा ताणून बसलो. एका सिग्नलला पोलिसानं थांबवलं.

"हे काय आहे?"

"चटणीचं सामान."

त्यानं एकदा दगड बघितला, एकदा माझे पाय बघितले आणि जायची खूण केली. माझी दया आली असावी.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट त्या दिवशी बंद. (ती चालू असते त्या दिवशी आमच्याकडे काही जड येत नाही.) दुसऱ्या मजल्यावरचे देवरे काका खाली उभे होते. सटाण्याकडचे, अंगापिंडानं मजबूत आणि मनानं त्याहून चांगले. आम्ही दगड गोणपाटात गुंडाळून चढवायला लागलो. पहिल्या मजल्यावर दोघांनाही धाप लागली. दगड भिंतीला उभा टेकवला, गोणपाट सोडलं आणि पाणी प्यायला वर गेलो. परत येऊन बघतो तर दगडाला हळदकुंकू लागलेलं, वर जास्वंदीचं फूल, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी हात जोडून उभ्या.

"कधी बसवणार?" त्यांनी विचारलं.

"आज दुपारीच," देवरे काका म्हणाले. ते खरं बोलत होते.

दोघी परत यायच्या आत चटणी तयार ठेवायची, असा माझा बेत होता. दगड स्वयंपाकघरात मांडला, धुतला, हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण, शेंगदाणे, मीठ सगळं वर ठेवलं आणि वरवंटा दोन्ही हातांनी पुढे लोटला.

वरवंटा जो गेला तो भिंतीपर्यंत गेला. मिरच्या जिथल्या तिथे, अखंड. शेंगदाणे चहूकडे उडाले. एक लसणाची पाकळी ऋचाच्या वहीवर जाऊन पडली.

"बाबा, हा खेळ आहे का?" तिनं विचारलं.

"नवीन आहे. थोडा रुळावा लागेल."

अर्धा तास मी तो रुळवत होतो. मिरची पुढे पळायची, वरवंटा तिच्या मागे पळायचा, आणि मी दोघांच्या मागे. शेवटी वाटणं सोडून मी वरवंटा उभा धरून आपटायला सुरुवात केली. दहा-बारा ठोक्यांनंतर दारावरची बेल वाजली. देवरे काका.

"भाऊ, काय चालू शे? आमचा पंखा हालतोय."

"चटणी करतोय, काका."

"कितीजणांची?"

त्यांना परत पाठवून आल्यावर मी कपाळावरचा घाम पुसला. मग डोळाही पुसला. ज्या हातानं मिरच्या गोळा करत होतो, त्याच हातानं पुसला.

पुढचं मला दिसलं नाही, त्यामुळे ऋचानं सांगितलं तेच सांगतो. मी "पाणी, पाणी" करत दोनदा फ्रिज उघडला आणि एकदा कपाट. मग तिनं मला सोफ्यावर बसवलं आणि डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवली. संगीता आईला धरून दारातून आत आली, तेव्हा सासूबाई काळा चष्मा लावून उभ्या होत्या आणि मी पट्टी लावून बसलो होतो.

"ह्यांचं कधी झालं ऑपरेशन?" सासूबाईंनी विचारलं.

चटणी मात्र झाली होती. काळपट हिरवी, पण झाली होती. संगीतानं भाकऱ्या टाकल्या. सासूबाईंनी चटणीकडे बराच वेळ बघितलं, भाकरीचा तुकडा तीत बुडवला आणि तोंडात घातला. मी पट्टी वर करून एका डोळ्यानं बघत होतो. तेवढ्यात एक आवाज आला.

कच्.

सासूबाईंनी तोंडातून एक बारीक काळा खडा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा काढला, पहिल्याशेजारी ठेवला. तिसऱ्याला थांबल्या.

"जावईबापू, पाटा कुठं हाय?"

ऋचा त्यांना आत घेऊन गेली. वाकायचं नव्हतं म्हणून तिनं त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं. बसल्या बसल्या पाऊल पुढे करून त्यांनी अंगठा दगडावरून फिरवला. एकदा उभा, एकदा आडवा.

"हा पाटा नाय," त्या म्हणाल्या. "हा धुण्याचा दगड हाय."

संगीता माझ्याकडे बघत होती, वांग्याकडे बघते तशी.

"पाट्याला टोचे लागतात, जावईबापू. टोच्यात मिरची अडकती, म्हणून वाटली जाती. ह्याच्यावर लुगडी आपटायची. तुम्ही मिरच्या धुतल्या."

आणि त्या हसायला लागल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग पदर तोंडाला लावला, तरी आवरेना. "मिरच्या धुतल्या," त्या पुन्हा म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. आमच्याकडे आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. संगीता घाबरली. "आई, डोळ्यावर ताण येईल, हसू नकोस," असं म्हणता म्हणता तीच खाली बसून हसू लागली. ऋचा तर आधीपासूनच ओट्याला टेकली होती. मी डोळे पुसत होतो, पण माझी कारणं वेगळी होती.

"टाकून देऊ का?" मी विचारलं.

"दगड काय टाकून द्यायचा? चांगला हाय. इकणाऱ्या बाईला बोलवा, टाकी लावून टोचे पाडून दील."

दुसऱ्या दिवशी पेठ रोडची ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन आली आणि गच्चीवर दगडाला टोचे मारत बसली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून, काळ्या चष्म्याआडून देखरेखीला. दोघींची अशी गट्टी जमली की चहा तीनदा वर गेला.

"मी साहेबांना सांगितलं व्हतं, तो धुण्याचा हाय म्हणून," ती बाई म्हणत होती. "साहेब म्हणले, बिनडागाचा पाहिजे."

"व्हय गं," सासूबाई म्हणाल्या. "ते हापिसात हेच काम करत्यात."

नवीन टोच्यांची कच जायला पाट्यावर आधी भिजवलेल्या तांदळाच्या कण्या वाटून टाकून द्याव्या लागतात. एकदा नाही, कच लागायची थांबेपर्यंत. सासूबाईंना वाकायचं नव्हतं. संगीता म्हणाली, "आणला कोणी?" तेव्हा रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी कण्या वाटायला बसायचो आणि सासूबाई खुर्चीवरून शिकवायच्या.

"मनगटानं नको. कंबरेतून जोर येऊ द्या. हां. दगडाशी भांडू नका."

"भांडत नाही, आई."

"भांडताय. दात खाताय तुम्ही."

पाचव्या दिवशी त्यांनी कण्यांची चिमूट बोटांत चोळून बघितली आणि मान हलवली. मग मी मिरची, लसूण, शेंगदाणे वाटले. या वेळी मिरची पळाली नाही. वरवंट्याखाली तिचा बारीक करकर आवाज आला आणि घरभर असा वास सुटला की देवरे काका बेल न वाजवता आत आले आणि सरळ पाटावर बसले.

चटणी थोडी जाडसर होती, मीठ किंचित जास्त. सासूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मागितली, तेव्हा संगीता भाकरी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसापासून एसटीचा विषय निघाला नाही. शेवटची तपासणी झाली, काळा चष्मा उतरला, तरी सासूबाई आणखी पंधरा दिवस राहिल्या. देवरे काकू वड्यांची डाळ वाटायला यायला लागल्या, पहिल्या मजल्यावरच्या आजी पुरण घेऊन यायला लागल्या, आणि पेठ रोडची बाई एकदा नुसतीच भेटायला येऊन गेली. वाटायला मात्र मलाच बसवायचे. माझा हात बसला होता, असं सगळ्यांचं म्हणणं.

गावी जायच्या आदल्या दिवशी सासूबाई गॅलरीत बसून चांदवडला, संगीताच्या मामीशी फोनवर बोलत होत्या. मी आत पेपर वाचत होतो.

"आधी नुसता गुळगुळीत," त्या सांगत होत्या. "दिसायला देखणा, पण कामाचा काय नाय. मग बसले चार ठोके. आता लय चांगला येतो वापरायला."

मला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खरेदीबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. चहा पिताना मी संगीताला म्हणालो, "आई मामींना पाट्याचं किती कौतुक सांगत होत्या, ऐकलंस?"

"पाट्याचं नाही," संगीता म्हणाली. "मामीनं विचारलं होतं, जावई कसे आहेत?"