चुकलेला चेंडू कोण आणणार?

माझ्या भावाला सगळे तोफ म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं तो मला भेटला, तर त्याला दुकानातल्या जॅकखाली घालीन. तोफ म्हणे! आमचा हा दहा गोळे डागणार, त्यातले तीन रिंगमधून जाणार आणि त्या तिनांवर लोक टाळ्या पिटणार. उरलेल्या सातांचं काय झालं, हे आजवर कुणी विचारलं नाही. मला विचारा. ते सात मी उचलून आणलेत.

आमचं टायरचं दुकान आहे. बाबांनी दुकानामागच्या भिंतीला लोखंडी रिंग ठोकली, तेव्हा तो सहावीत होता, मी नववीत. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "मार!" तो मारायचा. बास्केट झाली की बाबा स्वतः चेंडू त्याच्याकडे टाकायचे. चुकला की चेंडू कुंपणावरून मागच्या गटारात, आणि मग हाक मला. एकदा मी म्हटलं, "बाबा, मलाही मारू द्या ना." तर म्हणाले, "तू आण फक्त. त्याची लय बिघडते." माझे पाय घोट्यापर्यंत बरबटायचे आणि लय त्याची बिघडायची!

पुढे तो क्लबकडून खेळायला लागला. सामन्यानंतर बाबांचा एकच प्रश्न असायचा, "किती मारले?" वीस गुण, बावीस गुण, असं उत्तर आलं की बाबांची छाती फुगायची. क्लब हरला, हे नंतर जेवताना कुणी चुकून बोललं तरच कळायचं. शेवटी क्लबने त्याला नारळ दिला. तेव्हा बाबांनी सगळं खापर क्लबवर फोडलं.

तिशी उलटलेल्या माणसाला कोण विचारणार? पण पाणीपुरवठा खात्याच्या संघाने त्याला एका हंगामासाठी घेतलं. संघात टिकला तर खात्यातली नोकरी कायम, नाहीतर दुकानात माझ्या हाताखाली. मला तो हाताखाली नको होता. टायर बसवतानाही तो घाई करतो.

तिथल्या कोच एक मॅडम. पहिल्याच आठवड्यात तो घरी आला आणि त्याने बॅग कोपऱ्यात भिरकावली.

"ताई, त्या बाईने मला बाकावर बसवलंय. म्हणते, मधून आत जायचं, समोरच्यांचा मुख्य खेळाडू धरून ठेवायचा. डावा कोपरा मोकळा मिळाला तरच मारायचं, नाहीतर पास द्यायचा. हमाल केलाय मला, हमाल!"

"मग हमाली कर," मी म्हटलं.

केली नाही. सामन्यात बाबा गॅलरीतून "मार!" म्हणून ओरडायचे आणि याचा हात आपोआप वर जायचा. मधूनच, दोघांच्या अंगावरून, कुठूनही. असे सामने हरत हरत हंगाम संपत आला. एक दिवस मॅडमच स्कूटरचं पंक्चर काढायला दुकानात आल्या. मी सरळ विचारलं, "मॅडम, सुधारेल का हो तो? या वयात?"

"हात वाईट नाही त्याचा," त्या म्हणाल्या. "मारतो चुकीच्या ठिकाणाहून. डाव्या कोपऱ्यातून त्याचे निम्मे जातात, बाकी सगळा आनंद आहे. काम बदललं तर सुधारेल. पण शेवटच्या सामन्यातही ऐकलं नाही, तर मी त्याला ठेवणार नाही."

त्यांचं खरं होतं. दुकानामागे तो डाव्या कोपऱ्यात उभा राहिला, की मलाही जरा टेकायला मिळायचं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "बाबा, तुम्ही सामन्याला येऊ नका."

"मी बाप आहे त्याचा!"

"मग बापासारखे गप्प बसा तिथे."

बाबांनी ताट सरकवलं. "माझा मुलगा बाकावर बसायला जन्मलेला नाही!"

"आणि मुलगी गटारात उतरायला जन्मली होती का?"

भाऊ घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गटारात तू उतरायचीस? मला वाटायचं, बॉल बाबाच आणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलत असता तर परवडलं असतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. चेंडू गेला की तो रिंगकडे बघत उभा राहायचा, आणि चेंडू बाबांच्या हातून परत यायचा. मी ताटावरून उठले.

शेवटच्या सामन्याला बाबा आलेच. मीही गेले, त्यांच्यापासून लांब बसले. भाऊ बाकावरून उठून आत गेला आणि समोरच्यांच्या त्या नावाजलेल्या खेळाडूला असा चिकटला, की तो बिचारा पंचांकडे तक्रार करत फिरला. डाव्या कोपऱ्यातून याने दोन मारले, दोन्ही गेले. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू याच्या हातात आला. लोक "तोफ! तोफ!" करायला लागले. बाबा उभे राहून ओरडले, "मार!"

कोपर वर गेलं. ते कोपर मी ओळखते. मग ते खाली आलं आणि त्याने रिंगखाली मोकळ्या उभ्या असलेल्या एका किडकिडीत पोराला पास दिला. पोराने बास्केट केली. जिंकलो. मॅडमनी टाळीसुद्धा वाजवली नाही. म्हणाल्या, "सोमवारपासून वेळेवर यायचं. पुढच्या हंगामाची तयारी आहे."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती मारले?" सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा!

"चार गुण."

बाबांनी नाक मुरडलं आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागे जुने टायर रचत होते. तो जुना चेंडू घेऊन आला आणि माझ्याकडे टाकला. "मार, ताई."

"आता?" मी म्हटलं. "गुडघे गेल्यावर?"

तो बाजूला सरकून उभा राहिला. मी मारला. नीट नाही, रागाने मारला. भिंतीच्या कडेला आपटून चेंडू कुंपणापलीकडे गेला. माझं पाऊल सवयीने उचललं. मी ते तिथेच रोवलं.

तो माझ्याकडे बघत होता. मग पँट दुमडून कुंपणावर चढला. पलीकडे उतरताना डाव्या हाताला शेवाळ असतं, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. कळू दे त्याला.