घरी जाऊन विचारू

माझा मुलगा देवदत्त कुणाकडे काही मागत नाही. लहानपणी वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर "काही नको" म्हणायचा. पुढे इंजिनिअर झाला, जर्मनीत आला, बॉबलिंगेनच्या एका कंपनीत डिझेल इंजिनांच्या चाचण्या घेऊ लागला, तरी खोड गेली नाही. गेल्या हिवाळ्यात कंपनीने डिझेलचा विभागच बंद केला. साहेबांनी हात मिळवला, सहकाऱ्यांनी केक कापला आणि हा पठ्ठ्या निमूट घरी आला. केक चांगला होता म्हणे.

हे मला मे महिन्यात पुण्याहून इथे आल्यावर कळलं, तेही सुनेकडून. उन्हाळा संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही तर राहण्याचा परवाना संपणार आणि सगळ्यांना परत जावं लागणार, असं ऊर्मिलाने सांगितलं. अर्ज करून करून तो थकला होता. डिझेलवाला माणूस आता कुणालाच नको होता.

एकच आशा होती. त्याचा कॉलेजचा मित्र वासुदेव हॅम्बर्गला विमानांच्या एका कंपनीत मोठ्या जागेवर आहे. त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, माझ्या टीममध्ये चाचण्यांसाठी माणूस हवाय, आपलं कोणी असेल तर सांगा.

"मग कळव की त्याला," मी म्हणालो.

"ग्रुपवर? बाबा, तिथे अख्खी जर्मनी आहे. माझं अजून कुणाला माहीत नाहीये."

"फोन कर."

"असं फोनवर नाही हो मागता येत. घरी जाऊन विचारू. पोरांना सुट्टी आहे, सगळेच जाऊ. जेवताना विषय काढतो."

मलाही ते पटलं. काम होईपर्यंत चार लोकांत बोलायचं नाही आणि मागायचं तर उंबरा चढून मागायचं, ही आमच्या घरची रीत. आम्ही निघालो.

मुलांना सांगितलं होतं की ही सहल आहे. म्हणून मोठा हमरस्ता सोडून गावागावांतून चाललो होतो. मागच्या सीटवर एका बाजूला नऊ वर्षांची अपूर्वा, दुसऱ्या बाजूला सहा वर्षांचा तनय आणि मधे मी, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर गव्हाची हिरवी शेतं, लाल कौलांची घरं, कुरणात गाई. गाय दिसली की दोघं "कूह! कूह!" करून ओरडायची. मी म्हणायचो, "अरे, गाय म्हणा," की दोघं हसायची आणि पुन्हा "कूह!" पुढे ट्रॅक्टर आला की देवदत्त त्याच्यामागून शांतपणे गाडी हाकायचा. माझं डोकं फिरायचं.

"अरे, काढ की पुढे!"

"राहू दे बाबा, पोरं बघतायत."

एक रात्र एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला. तिथे नुकतं जन्मलेलं वासरू होतं आणि सकाळी तनय त्याला सोडून हलायलाच तयार नाही. देवदत्त म्हणाला, राहू अजून एक दिवस. मी चिडलो. वासुदेव वाट बघतोय, म्हणालो.

"शनिवारी पोचू. त्याला ऑफिस नसेल, निवांत बोलता येईल," तो म्हणाला. मग पँट दुमडून पोरांबरोबर गोठ्यात शिरला आणि वासराने त्याची बाही चघळायला घेतली, तसा मोठ्याने हसला. आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग राहिलो आणखी एक दिवस.

शनिवारी हॅम्बर्गला पाऊस होता. वासुदेवने दारातच मिठी मारली. त्याच्या बायकोने, सुमेधाने, भरली वांगी केली होती. पानं वाढली. देवदत्तने दोनदा घसा खाकरला. तेवढ्यात वासुदेवच म्हणाला, "आल्झो, चला, आता जरा मोकळा झालोय. ती टीममधली जागा भरता भरता नाकी नऊ आले. ग्रुपवर विचारलं, आपलं कोणी बोललंच नाही. शेवटी काल एका जर्मन पोराला लेटर दिलं. तुझं काय, मजेत ना?"

"मजेत," देवदत्त म्हणाला.

ऊर्मिला पानाकडे बघत राहिली. माझ्याच्याने राहवेना. "वासुदेव, अरे..." मी सुरुवात केली, तर देवदत्तने पोळ्यांचा डबा माझ्यापुढे धरला. "बाबा, पोळी घ्या." त्याचे डोळे बघून मी पोळी घेतली. पोटच्या पोराचा असा राग मला कधी आला नव्हता, आणि अशी कीवही.

निघताना सुमेधाने तनयसाठी एक वस्तू आणली. तो सप्टेंबरात पहिलीत जाणार. इथे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला खाऊ आणि खेळण्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा भलामोठा कोन देतात, त्याला शूलट्यूटे म्हणतात. "तेव्हा आम्ही सुट्टीला पुण्यात असू, म्हणून आत्ताच. पण शाळेतच उघडायचा हं!" ती म्हणाली. तनयने कोन असा कवटाळला की त्याचं तोंड दिसेना.

येताना हमरस्त्यानेच आलो. एका ठिकाणी चहाला थांबलो, तेव्हा देवदत्त मागचं दार उघडून तनयसमोर उकिडवा बसला.

"तनू, तो कोन उघडायचा का आत्ता? आपण बघू आत काय आहे."

"नाइन, नाही," तनय म्हणाला.

"अरे, एकदाच. बाबा सांगतोय ना. उघड राजा."

सप्टेंबरातली ती शाळा आता तनयला कुठली मिळायला! आयुष्यात पहिल्यांदा माझा मुलगा कुणाकडे तरी काही मागत होता. तनय मान हलवत जर्मनमध्ये भराभर काहीतरी बोलला आणि कोन आणखी घट्ट धरला.

"आजोबा, तो म्हणतो शाळेतच," अपूर्वाने मला सांगितलं.

देवदत्त उठला, त्याने दार हळूच लावलं आणि गाडी सुरू केली. पुढे तनयला झोप लागली, तेव्हा कोन मी माझ्या मांडीवर घेतला आणि बॉबलिंगेनपर्यंत कुठे चेपू न देता सांभाळून आणला.