कुंकवाखालचा ताम्रपट

"हात दाखवा," हे संग्रहालयाच्या राखणदारांचं ठरलेलं वाक्य. आमच्या कन्याशाळेच्या माडीवर दोन खोल्यांत गावचं वस्तुसंग्रहालय होतं. पोलीसखात्यातून निवृत्त झाल्यावर ते तिथं राखणीला बसत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे हात उलटेसुलटे बघत. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण शाळेची मुख्याध्यापिका असून मलाही त्यांच्याकडे सूट नव्हती.

"मी काय चोरणार इथलं?" मी एकदा विचारलं.

"ते तुम्हांलाच ठाऊक, बाई."

युद्धाचे दिवस, तांब्यापितळेला भाव चढलेला. आणि संग्रहालयात मोलाचा ऐवज एकच होता : शिलाहार राजाचा ताम्रपट. कडेगावकडच्या एका गुरवाच्या घरी तो देव म्हणून पुजला जाई. देवावर काय लिहिलंय ते कळावं, म्हणून त्या घरच्या म्हातारीने तो राखणदारांच्या स्वाधीन केला होता. दसऱ्याला पूजेसाठी परत न्यायचा, या बोलीवर.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा आणि हळदीकुंकवाचा काळा पडलेला थर त्यांनी चिंचेने घासून काढला. अक्षरं वर आली, मुद्रेवरचा गरुड दिसू लागला. घासताना मला बघायला बोलावलं होतं. हात लावू दिला नाही.

दसऱ्याआधी म्हातारी आली आणि ताम्रपट बघून मागे सरकली.

"ह्यो आमचा न्हवं."

"तोच आहे. घासलाय."

"आमचा काळा व्हता. बदललासा तुमी."

मी म्हटलं, "आजी, घासताना मी पाहिलंय."

"तुमीबी हितल्याच."

आता जुंपणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ताम्रपट फडक्यात बांधून तिच्यापुढे ठेवला. "घेऊन जा. घरी हळदकुंकू वाहा. तुमचा वाटला तर आणून द्या. नाही वाटला तर मला चोर म्हणा."

पावतीही मागितली नाही. दिवाळीनंतर पुण्याचे विद्वान तो वाचायला येणार होते. ते आले, रिकामी पेटी बघून गेले. संग्रहालयाच्या समितीने राखणदारांना नको ते ऐकवलं. ते खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत. "आणील ती," म्हणत. त्यांच्या तोंडी असलं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. उन्हाळ्यात ते वारले.

पावसाळा सरता सरता म्हातारी माडी चढून आली. तिने फडकं सोडलं. ताम्रपट पुन्हा तेलकट, लालपिवळा. अक्षर एक दिसत नव्हतं.

"आमचाच हाय. दुखण्यानं पडले व्हते, म्हून उशीर झाला. त्ये कुठं हायती?"

मी सांगितलं.

नवा राखणदार पुढे झाला. "द्या आजी, मी ठेवतो."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमास्नी कोण वळखतंय?" म्हणाली, फडक्याची गाठ पुन्हा आवळली आणि जिना उतरून गेली.