ठोका चुकवणारी मोटारसायकल

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझी जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला काढली आणि बघता बघता तिच्याभोवती दरबार भरला! कुलकर्णी म्हणाले, "प्लग काळा पडलाय." देसाई म्हणाले, "छे हो! कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, लावता पैज?" मी प्लग घासून बसवला, किक मारली. गाडी धडधडली, अडखळली. आम्ही तिघे माना वाकवून तिचा एकेक ठोका ऐकू लागलो. माणसाच्या छातीला इतक्या मायेने कुणी कान लावतं का?

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे नाना बॅग घेऊन खाली आले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मुलाने पाठवलेली टॅक्सी गेटवर उभी होती.

"निघालो रे वृद्धाश्रमात. आता कायमचा तिकडेच. म्हटलं, तुम्हाला सांगून..."

"एक मिनिट नाना," देसाई ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "आवाज ऐकू द्या."

नानांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला तसे निघूनही गेले.

नंतर कार्बोरेटर उघडला, तर खरंच कचरा निघाला. देसाईंनी टाळीसाठी हात पुढे केला आणि मी जोरात टाळी दिली.