बंडूला एकटं ठेवता येणार नाही

“मॅडम, फक्त सही हवीय,” सुनील कांबळे म्हणाला. “बंडू फिट आहे, एवढंच लिहायचंय.”

बंडू माझ्या टेबलावर बसून पेनचं टोपण कुरतडत होता. फिट तर होताच. बंडू म्हणजे गिनीपिग. घुशीएवढा, बिनशेपटीचा, दिवसभर खाणारा प्राणी. सुनील बायको आणि मुलीला घेऊन तीन वर्षांसाठी झुरिकला चालला होता. आर्याने, म्हणजे त्याच्या मुलीने, बंडूशिवाय विमानात चढणार नाही असं जाहीर केलं होतं. रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन सुनीलची आई कोपऱ्यात बसली होती. कांबळे काकूंना व्हिसा मिळत नव्हता. पेणकरपाड्याच्या फ्लॅटमध्ये आता त्या एकट्या राहणार होत्या.

मी जनावरांची डॉक्टर, दवाखाना मीरा रोडला. परदेशी जाणाऱ्या प्राण्याला हेल्थ सर्टिफिकेट देण्याआधी मी त्या देशाचे नियम वाचते.

“एकच नेताय?” मी विचारलं.

“हो. का?”

“स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. कळपातला प्राणी आहे, एकटा झुरतो. किमान दोन लागतात. कायदाच आहे तसा.”

“काय सांगताय! आणि आपल्याकडे?”

“आपला कायदा म्हणतो मारू नका, उपाशी ठेवू नका, हाल करू नका. गिनीपिगच्या एकटेपणाचं कोणी मनावर घेतलेलं नाही. स्वीडनमध्ये तर कुत्र्याला दिवसा दर सहा तासांनी बाहेर न्यावंच लागतं.”

काकू एकदम खो-खो हसायला लागल्या. “म्हणजे मी गिनीपिग असते ना सुन्या, तर तू आत गेला असतास!”

मीही हसले. मग सुनीलचा चेहरा पाहिला आणि मला फार वाईट वाटलं.

“तोंड पाडू नकोस,” काकू म्हणाल्या. “बंडू राहील माझ्याकडे. आर्याची समजूत मी काढते. पण इथे कायदा तिकडचाच लावायचा. मॅडम, याला जोडीदार बघा.”

मी दवाखान्याच्या बोर्डवर चिठ्ठी लावली. तिसऱ्या दिवशी जवळच्या राई गावाहून हिरामावशी आल्या. पूर्वी मासे विकायच्या, आता घरी एकट्याच. भाच्याने आणलेली सोनी नावाची मादी तो त्यांच्याकडेच टाकून गेला होता. “आमची सोनी गरीब हाय,” त्या म्हणाल्या. “कोनाला चावत न्हाय.”

रविवारी दवाखान्यात बघण्याचा कार्यक्रम झाला. काकूंनी डबाभर पोहे आणले. नवरा-नवरीला काकडी आणि कोथिंबीर. सोनीला पाहून बंडू जागच्या जागी चारही पायांवर टणाटण उडाला. आनंद झाला की गिनीपिग असा उडतो, आम्ही त्याला पॉपकॉर्निंग म्हणतो. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात बंडूचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. दोघींना बजावलं, “ऑपरेशननंतरही सहा आठवडे नर बाप होऊ शकतो. तोवर लांब ठेवा.” दोघींनी माना डोलावल्या.

दीड महिन्याने सोनी माझ्या टेबलावर आली. पोट हाताला लागताच मी कपाळाला हात लावला.

“काकू, सहा आठवडे म्हटलं होतं ना!”

“अहो, दुसऱ्याच आठवड्यात साखरपुडा उरकून सोनीला आमच्याकडे आणलं. आर्या व्हिडिओ कॉलवर होती. ठरलेल्या पोरांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?”

आता हिरामावशी अडून बसल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे राईला. मी सांगितलं, गाभण गिनीपिगला रिक्षात हादरे देता येणार नाहीत.

“मंग म्हायेर हितं येल,” मावशी म्हणाल्या आणि संध्याकाळी पिशवी घेऊन पेणकरपाड्यात हजर झाल्या.

तीन पिल्लं झाली. अंगभर केस, डोळे उघडे. पहिल्या दिवशीच टुणटुण उड्या. काकूंनी मला पेढे भरवले, मी दोन जास्तीचे मागून घेतले. तेवढ्यात सुनीलचा कॉल आला. पिल्लं पाहून झाल्यावर त्याला बाल्कनीत वाळणारं लुगडं दिसलं.

“आई, मावशी कधी जाणार?”

“कशाला जातील? त्या गेल्या तर मी पुन्हा बेकायदेशीर होईन.”

पिल्लांत दोन नर आहेत. त्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. या वेळी तोंडी सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. सहा आठवडे कॅलेंडरवर लाल पेनने स्वतः मोजून आले. कॅलेंडर दोघींचं आता एकच आहे, तेवढं सोपं पडलं.