गुपचूप मामाजी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मामाजींना "भाजी कोणती खाल्ली?" असं विचारलं तरी ते आधी आजूबाजूला पाहून घेत. नागपुरात पाणीपुरीला गुपचूप म्हणतात. आम्हा भाचरांनी तेच नाव मामाजींना देऊन टाकलं. ते चिडत नसत. नाव कुणी ठेवलं, एवढीच चौकशी करत.

नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात. रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन साहेबानं दम भरला होता, "बाहर एक शब्द गया, तो तुम अंदर." हा दम मामाजींनी जन्मभर जपला. दिवसभर काय केलं, असं मामीनं विचारलं की म्हणत, "ड्यूटी."

मी वकील झाले तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्यांना त्या सहीमागच्या सरकारी गोपनीयतेच्या कायद्याचा इतिहास ऐकवला. इंग्रजांनी तो हेरांचं नाव पुढे करून आणला, मग वर्तमानपत्रांची तोंडं बंद करायला कडक केला आणि जाताना इथंच ठेवून गेले. मामाजी म्हणाले, "इंग्रज गेला वं पोरी, पण सही तं माहीच हाये ना."

निवृत्तीनंतर खोकला लागला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, "कोणत्या भुकटीत काम करत होता? नाव कळलं तर उपचार ठरवता येतील." मामाजींनी आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाले, "ड्यूटी."

मामी रडकुंडीला आली. "सांगा ना जी, काहून जीव देता?"

"तुले बी आत टाकतील," ते म्हणाले. मला त्यांचा असा राग आला की सोय नाही.

घरी मी कायद्याचं पुस्तकच उघडलं. डॉक्टरांना सांगणं म्हणजे हेरगिरी नव्हे, हे परोपरीनं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "लिहून देते का?"

मी कलम पुन्हा वाचलं. शब्द इतके ऐसपैस, की गोपनीय काय नि काय नाही हे सरकार सांगेल तेव्हाच कळायचं. मी पेनाला टोपण लावलं.

"पाह्य, तू बी फसली," मामाजी हसले आणि त्या हसण्याचाच खोकला झाला.

उन्हाळ्यात ते गेले. आता मामी खोकते आहे. त्यांचे कामावरचे कपडे वर्षानुवर्षं तीच झटकून धुवायची. परवा त्याच डॉक्टरांनी तिला भुकटीचं नाव विचारलं.

"सांगितलं असतं जी," ती म्हणाली, "पण मले तं कोणी सांगितलंच नाही."