काटकरांच्या गाडीचा श्वास

गणराज काटकरांनी निवृत्तीनंतर दोन माणसांची गाडी घेतली आणि दुसरे माणूस तीत बसायला तयार नाही, असे निगडी प्राधिकरणातले त्यांचे शेजारी म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडा हेवा होता. खोटे मात्र काही नव्हते. दुसरे माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनताई. ती निळी, जुनी स्पोर्ट्स कार दारात आली तेव्हा त्यांनी तिला कुंकू लावले, ओवाळले आणि वाकून आत पाहिले. एवढे खाली बसायचे तर घरात पाट आहे, असे म्हणून त्या जिना चढून गेल्या. नवऱ्याने न विचारता गाडी घेतली हे खरे कारण होते, आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

काटकर मूळचे माणदेशातले. आयटीआय करून आकुर्डीला आले आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी सारी नोकरी काढली. बोलणे बेताचे. भाजी चांगली झाली, हे सुमनताईंना त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळाले नाही. मिक्सरचा आवाज बिघडला आहे हे मात्र ते आंघोळ करता करता सांगत. पत्नीची समजूत घालायला लागणारे शब्द त्यांच्याजवळ नव्हते. म्हणून त्यांनी गाडीच सुधारायला घेतली.

गाडीला दम लागतो, असे त्यांचे निदान होते. इंजिनाला लागणारी हवा तापलेल्या इंजिनाच्याच कुशीतून घेतली जाते. तापलेल्या, विरळ हवेवर गाडी धावणार कशी? एअर फिल्टर तिथून काढून पुढे, बंपरच्या तोंडामागे बसवला, की समोरची थंड हवा थेट आत जाईल. तिसऱ्या मजल्यावरचा जयदीप चाकणला मोटारींच्या कंपनीत होता. त्याला ही कल्पना फार आवडली. बंपरच्या तोंडाला जाळी मात्र लावू नका, हवा अडते, एवढे त्याने सुचवले. काटकरांचेही मत तेच होते.

फिल्टरपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या नळीचा आकार आधी पुठ्ठ्यात करून पाहायचा होता. त्यासाठी सुमनताईंच्या साड्यांची खोकी एकामागून एक नाहीशी होऊ लागली. जाब विचारायला त्या पार्किंगमध्ये उतरल्या, आणि हे जरा धरतेस का, या प्रश्नाने तिथेच अडकल्या. पुठ्ठा धरून उभे राहायचे तर काहीतरी विचारणे आले. त्यांनी विचारले, काटकरांनी सांगितले. हवा कुठून येते, वळण कुठे घ्यायचे, ते तेवढेच का घ्यायचे. लग्न झाल्यापासून हा माणूस इतके सलग बोलला नव्हता. पुढे त्या रोज संध्याकाळी चहा घेऊन खाली येऊ लागल्या. भोसरीच्या एका मित्राकडून ॲल्युमिनियमची नळी जोडून आली, बसली, आणि इंजिनाचा आवाज भरदार झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काटकरांनी नळीकडे पाहतच विचारले, उद्या दुर्गा टेकडीवर देवीला येतेस का. बघू, असे उत्तर आले. काटकर त्या रात्री फारसे जेवले नाहीत.

दसऱ्याला सुमनताई खरोखरच गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे दोन प्रयत्नांत आणि पदर सावरत आत उतरल्या. त्याआधी पूजा झाली. टूलरूममध्ये खंडेनवमीला लेथ पुसून, तिला टपोऱ्या झेंडूचा हार घालायचा मान वर्षानुवर्षे काटकरांचा असे. त्याच सवयीने त्यांनी घसघशीत हार बंपरवर, बरोबर त्या उघड्या तोंडासमोर बांधला. पूजेच्या दिवशी लेथ बंद असते. गाडी चालू होती.

टेकडीच्या चढाला ती कण्हू लागली, काळा धूर सोडू लागली आणि वळणावर थांबली. काटकरांनी खाली बसून बंपरच्या तोंडात हात घातला. बाहेर आला तो मूठभर केशरी चोथा. नळीने हवेबरोबर हार ओढून घेतला होता आणि फिल्टर पाकळ्यांनी लिंपला गेला होता. सोने वाटायला निघालेली माणसे भोवती जमली. निगडी गावातले सोपानराव जीप घेऊन वरच चालले होते. ते थांबले.

"गणराजभाऊ, गाडीला निवद जास्त झाला व्हय?" त्यांनी विचारले आणि मग सुमनताईंकडे वळले. "वैनी, चला आमच्या जीपमधी. हिचं काय आज खरं न्हाई."

काटकरांनी मान वर केली नाही. पाकळ्या काढणारा त्यांचा हात तेवढा थांबला.

"मला इथनं उठवायला तुम्ही दोघं पुरणार नाही, भाऊजी," सुमनताई म्हणाल्या. "व्हा तुम्ही पुढं." मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "अहो, द्या तो फिल्टर इकडं."

त्यांनी तो मांडीवर घेतला आणि केसातल्या आकड्याने एकेक घडी साफ करू लागल्या. करता करता त्यांना हसू आले, ते आवरेना. काटकर रस्त्यावर मांडी घालून बसले आणि तेही हसले. देवीचे दर्शन अंधार पडता पडता झाले.

घरी आल्यावर सुमनताईंनी आपली अट सांगितली. पुन्हा यायचे तर त्या तोंडाला जाळी हवी. मैद्याच्या चाळणीची नको, रव्याच्या चाळणीची. ती त्यांनी स्वतःच डब्यांमागून काढून दिली. दुसऱ्या दिवशी काटकर ती कापून बंपरला बसवत असताना जयदीप आला. एवढा खटाटोप करून शेवटी जाळीच, असे म्हणून तो हळहळला. काका, हवा अडेल, गाडीची ताकद कमी होईल, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले.

काटकरांनी स्क्रू आवळून घेतला.

"होऊ दे कमी. शेजारी ती बसणार आहे, तू नाही."